तीनदा जय हिंद

पाकिस्तानशी झालेली पासष्टची लढाई संपून दोन-तीन महिने झाले होते. अकोल्यात एका कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही आठजणी उभ्या होतो. मास्तरणीच्या जागा निघाल्या होत्या. हेडक्लार्कने सातजणींचे अर्ज मुकाट्याने ठेवून घेतले. माझा हातात धरून म्हणाला, "तू तीनदा जय हिंद म्हण. मोठ्यानं."

मी म्हटलं. तीनदा.

"आयकू नाही आलं."

पुन्हा तीनदा. एकजण हसली, बाकीच्या पायाकडे बघत राहिल्या. मला राग आला नाही. काहीच आलं नाही. शाळेत प्रार्थनेनंतर रोज मीच सगळ्यांपुढे जय हिंद म्हणायची, तेव्हा अंगावर काटा यायचा. त्या दिवशी तोंडात नुसती जीभ हलत होती.

माझ्या अर्जावर पोलिसांचा शेरा होता. बाप कराचीस. आई नवऱ्याचे नाव लपवते.

फाळणीत अब्बा कराचीला गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते. अम्मा बार्शीटाकळीची. "तुमाले जायचं तं जा," एवढंच ती म्हणाली आणि जुन्या शहरातल्या खोलीत मला घेऊन राहिली. चौकशीचा शिपाई आला तेव्हा मी घरी नव्हते. त्याने नवऱ्याचं नाव विचारलं. अम्माने पदर पुढे ओढला आणि खाली पाहिलं. आमच्या गल्लीत कोणतीच बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हिंदूंची नाही, आमची नाही. त्या शिपायाची बायकोही घेत नसेल. पण त्याने लिहिलं, लपवते.

कचेरीने दिलेल्या पुढच्या तारखेला अम्मा माझ्यासोबत आली. टेबलापुढे उभी राहून तिने आयुष्यात पहिल्यांदा ते नाव घेतलं.

"शेख रहमान. थो गेला. मी नाही गेली. पोरगी माह्यी हाय."

हेडक्लार्कने वर पाहिलंही नाही. "बरं," तो म्हणाला, "पोरी, जय हिंद म्हण."

सोडून गेला त्याच्या नावाला अर्जात रकाना होता. राहिली तिच्या नावाला नव्हता. हे मला त्या टेबलापाशी दिसलं. तोवर अर्ज मी कितीदा तरी वाचला होता.

मी म्हटलं, "आधी तुमी म्हना. हे कचेरीतले सगळे म्हनतीन. मंग त्याईच्यासंगं मी म्हनीन. एकटी नाही म्हनत."

कोणी म्हटलं नाही. अर्ज माझ्याकडे सरकवला गेला. नोकरी हातची गेली हे तिथेच कळलं.

घरी येऊन मी दौत काढली. बापाचं नाव खोडलं आणि त्याच रकान्यात अम्माचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज त्याच टेबलावर ठेवून आले.

हा देश मला तिच्याकडून मिळाला. माझ्या पोरांना तो माझ्याकडून मिळेल. त्यांना एकटं उभं करून कोणी जय हिंद मागितलं, तर ती म्हणणार नाहीत. मी त्यांना तसंच शिकवणार आहे.