वर्णनबाईंच्या चारशे अठरा चौकटी

विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे पूर्वी मोडक्या खुर्च्यांची खोली होती. खुर्च्या हलवल्या, भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले, एका बाजूला हिरवं कापड टांगलं आणि दारावर पाटी ठोकली, 'ई-शिक्षण निर्मिती कक्ष'. मी तिथला कॅमेरावाला. प्राध्यापक आत येतात, आवाज नको म्हणून मी पंखा बंद करतो, ते घाम पुसत चाळीस मिनिटं बोलतात आणि मी ते आठ मिनिटांवर आणतो. चौदा वर्षं हेच चाललंय. त्या खोलीत ज्ञान किती तयार झालं ते देव जाणे, घाम मात्र भरपूर गळला.

माझ्या शेजारच्या टेबलावर वर्णनबाई बसायच्या. हे नाव आम्हीच थट्टेनं ठेवलेलं. ऑनलाइन धड्यातल्या प्रत्येक चित्रामागे एक चौकट असते, बघणाऱ्याला ती दिसत नाही. तिच्यात चित्राचं वर्णन लिहायचं असतं. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही असा विद्यार्थी धडा उघडतो, तेव्हा त्याचा संगणक सगळा मजकूर मोठ्यानं वाचतो आणि चित्र आलं की ही चौकट वाचतो. चौकट रिकामी असली तर तो फाइलचं नाव वाचतो. या चौकटी भरणं हे बाईंचं काम. आमच्या कक्षात ते सगळ्यात खालचं समजलं जायचं, कारण ते कुणाला दाखवता येत नसे.

त्याआधी सव्वीस वर्षं बाईंनी परीक्षा विभागात बंद खोलीत प्रश्नपत्रिका टंकल्या होत्या. एक आकडा चुकला तर चार हजार पोरांचा दिवस वाया जातो, हे तिथं त्यांच्या बोटांत मुरलं. वर्णनाची विद्या मात्र घरची. त्यांचे सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. साठीनंतर त्यांची नजर गेली, जीभ शाबूत राहिली. बाई त्यांना रोज पेपर वाचून दाखवायच्या. एकदा म्हणाल्या, "मामा, फोटो छान आलाय." म्हातारा उखडला. "सूनबाई, छान हे तुझं मत झालं. फोटोत आहे काय ते सांग. मत माझं मी बनवीन." असं अकरा वर्षं चाललं. बाई म्हणायच्या, "लोक पैसे भरून शिकतात, मी शिव्या खाऊन शिकले."

त्यांची पद्धत अशी. चित्राचं वर्णन आधी रेघी वहीत पेन्सिलीनं लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं, मग टंकायचं. धडा पुरा झाला की माऊस ड्रॉवरमध्ये टाकायचा, संगणकाचा पडदा बंद करायचा आणि नुसत्या कळफलकावर अख्खा धडा ऐकायचा. कुठं अडकल्या की धडा नापास. मी हसायचो. काळ्या पडद्यासमोर हाताची घडी घालून बसलेली बाई बघून कुणालाही वाटलं असतं, वीज गेलीय.

मग नवे संचालक आले आणि येताना एक तरुण सल्लागार घेऊन आले. तो प्रत्येक वाक्यात 'शिकणाऱ्याचा अनुभव' म्हणायचा, म्हणून आम्ही त्याला अनुभव म्हणू लागलो. स्वतःला मात्र कशाचाच अनुभव नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या सगळ्यांना सक्तीचा असलेला सांख्यिकीचा विषय आता फक्त ऑनलाइन होणार होता आणि तो 'रंजक' करायचा होता. अनुभवनं काय केलं? बरोबर उत्तर आलं की पडद्यावर एक ससा उड्या मारत यायचा आणि टाळ्या वाजवायचा. वीस वर्षांची मोठी माणसं, काहींना मिशा, काहींना पोरं, आणि त्यांच्यासमोर ससा! मला त्या सशाची शिसारी यायची. बाईंनी पडदा बंद करून धडा ऐकला तर संगणक दर प्रश्नानंतर ओरडत होता, "ससा टाळ्या फायनल फायनल तीन." बाईंनी शांतपणे चौकटीत लिहिलं, 'शाबासकी देणारा ससा. लक्ष दिलं नाही तरी चालेल.'

त्या ज्या एका मुलीसाठी हे करत होत्या, तिला आम्ही बुधवारवाली म्हणायचो. दर बुधवारी अकराच्या सुमाराला तिचा फोन यायचा. जन्मापासून दृष्टी नाही, वसतिगृहात राहते, पुढं शिक्षिका व्हायचंय. फोन माझ्या टेबलावर, म्हणून उचलायचो मी. "दादा, काकूंना सांगा, सहाव्या धड्यात अडकलेय." सांख्यिकीत ती दोनदा नापास झाली होती, कारण तेव्हाच्या पुस्तकात एकाही आलेखाला वर्णन नव्हतं. नियम तीन संधींचा. तिसऱ्यांदा गेली की पदवीतूनच बाहेर, खोलीही सोडायची. बाईंनी तिला फोनवर शब्द दिला होता, "या खेपेला तू आलेखापाशी अडकणार नाहीस. अभ्यास तुझा, आलेख माझे."

धडे आणि परीक्षा मिळून चित्रं होती चारशे अठरा. माऊसनं पकडून टोपलीत टाकायचे प्रश्न बाईंनी भांडून बदलून घेतले. अनुभव आठवडाभर तोंड फुगवून होता. मग त्या आलेखांना भिडल्या. 'पाच स्तंभ, पाच दुकानांत विकलेल्या छत्र्या. पहिलं वीस, दुसरं चाळीस, तिसरं नव्वद, सगळ्यात उंच. चौथ्यापासून उतार.' मला गणितात कधी गती नव्हती, पण हे ऐकलं आणि तो आलेख मला कळला. तीन महिन्यांत तीनशे एकाहत्तर चौकटी झाल्या, सात वह्या भरल्या. सत्तेचाळीस उरल्या असताना त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. जाताना म्हणाल्या, "सोमवारी येते. परीक्षा शुक्रवारी आहे. सत्तेचाळीस चौकटी म्हणजे चार दिवसांचं काम. कशाला हात लावू नका."

त्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी संचालक माझ्या डोक्यावर येऊन उभे. 'सर्वांसाठी शिक्षण' नावाच्या पुरस्काराला अर्ज करायचा शेवटचा दिवस होता. अर्जासोबत तपासणी यंत्राचा आकडा लागायचा. यंत्र बघतं काय, तर चौकट भरलेली आहे की रिकामी. आत काय लिहिलंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आमचा आकडा शंभरपैकी एकोणनव्वद होता.

"त्या सत्तेचाळीस चौकटींत काहीतरी भर," संचालक म्हणाले.

"काय भरू?"

"अरे, चित्र आहे ना? मग 'चित्र' लिही!"

मी सगळ्या चौकटींची यादी उघडली. 'चित्र' असं एकदा टंकलं, उचललं आणि चिकटवलं. सत्तेचाळीस वेळा चिकटवायचा कंटाळा आला म्हणून यादीचा अख्खा रकाना निवडला. चहा निवायच्या आत काम झालं. आकडा शंभर झाला, संचालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि तिथंच अर्ज पाठवला. दुपारी मी यादी परत उघडली. चारशे अठराच्या चारशे अठरा ओळींत 'चित्र'. बाईंचे तीन महिने मी एका बोटानं पुसले होते. छत्र्या गेल्या, दुकानं गेली, ससासुद्धा 'चित्र' होऊन बसला.

मी संचालकांकडे धावलो, हे खरं आहे. ते म्हणाले, "आकडा शंभरच आहे ना? मग हलवू नकोस. पुरस्काराच्या निकालापर्यंत अभ्यासक्रम लॉक केलाय." मी "बरं" म्हणालो आणि बाहेर आलो. इथं एक म्हण जिभेवर येते, पण तिच्यात दळतं ते आंधळं असतं. आमच्याकडे दळण करणारी बाई चांगली डोळस होती, आणि पीठ खाणारे आम्हीही डोळसच होतो.

बाईंना डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला बंदी केली होती. त्यांना ती कधी नडणार? रविवारी घरी, डोळ्यावर पट्टी, लेकीला म्हणाल्या, "धडा लाव, मी ऐकते." तासाभरात माझा फोन वाजला.

"अरे, माझ्या चौकटी कुठं गेल्या?"

"बाई, सिस्टिम अपडेट झाली. त्यात उडालं वाटतं."

बाई म्हणाल्या, "आणि सिस्टिमला 'चित्र' हा शब्द कुणी शिकवला?"

मी म्हणालो, आवाज येत नाहीये, आणि फोन ठेवला. लिहिताना आताही माझी मलाच किळस येते.

सोमवारी बाई काळा चष्मा लावून, सातही वह्या पिशवीत घालून थेट संचालकांच्या खोलीत गेल्या. मी तिथं दिवे लावत होतो, कारण साहेबांना पुरस्कारासाठी मनोगत रेकॉर्ड करायचं होतं.

"साहेब, कुलूप काढा," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे. लेक वाचेल, मी टंकते. गुरुवारपर्यंत होईल."

"मॅडम, डोळा सांभाळा. परीक्षक बघतायत, आता काही बदलता येणार नाही."

"मग त्या एका मुलीला वाचून दाखवणारं माणूस द्या. कागदावर परीक्षा घ्या."

संचालक हसले. ते हसणं मी विसरणार नाही, इतकं ते गोड होतं. "तेच तर करता येत नाही. आपण दृष्टिहीनांसाठी शंभर टक्के सुलभ आहोत, तसा अहवाल आहे. तिला वेगळी परीक्षा दिली तर आपणच लेखी दिल्यासारखं होईल की आपण सुलभ नाही."

"साहेब, एकदा पडदा बंद करून पाच मिनिटं ऐका."

"पुरस्कार होऊ द्या, मग निवांत ऐकू."

"परीक्षा शुक्रवारी आहे."

"परीक्षा काय हो, दर वर्षी येते."

मी स्टँड धरून उभा होतो. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, हे मी केलंय, तुमच्या सांगण्यावरून केलंय, आता बाईंचं ऐका. मी दिवा जरा डावीकडे वळवला. बाईंनी वह्या पिशवीत परत घातल्या. मी विचारलं, "साहेब, सुरू करू का?"

पुढच्या बुधवारी अकरा वाजता फोन वाजला. वीसपैकी पाच. पास व्हायला आठ लागतात.

"काकूंना सांगा, त्यांची चूक नाही," ती म्हणाली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "दादा, छत्र्यांच्या आलेखावर प्रश्न आला होता. मला तो आलेख पाठ होता हो. पण त्या प्रश्नात बरोबर आलेख ओळखायचा होता. पर्यायात चार चित्रं होती, आणि चारी म्हणाली, 'चित्र'."

महिनाअखेरीला तिनं खोली सोडली.

पुरस्कार आम्हालाच मिळाला. नाहीतर कुणाला मिळणार होता? मोठं सभागृह, काचेची ढाल, टाळ्या. त्या टाळ्या ऐकून मला ससाच आठवला. आमचा फोटो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पहिल्या पानावर गेला आणि लगेच तपासणी यंत्राचा आकडा घसरला, कारण फोटोची चौकट रिकामी होती. संचालक बाईंकडे आले. "मॅडम, तुमचंच काम. दोन ओळी टाका."

बाईंनी वही काढली. पेन्सिलीनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. टंकून झाल्यावर माऊस ड्रॉवरमध्ये टाकला, पडदा बंद केला आणि ऐकलं. त्यांच्या कानात हेडफोन होता, मला काही कळलं नाही. आकडा परत शंभर झाला. महिन्याभरानं त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या वेळी मी वाकलो तर म्हणाल्या, "राहू दे, पाठ दुखेल." माझ्याशी त्या शेवटचं एवढंच बोलल्या.

त्याला आता वर्ष होत आलं. गेल्या बुधवारी अकरा वाजता फोन वाजला.

"दादा, ओळखलंत का?" आवाज तोच. आता एका कार्यालयात फोन घेण्याचं काम करते म्हणाली. "परवा सहज विद्यापीठाचं पान उघडलं. पुरस्काराचं चित्र ऐकलं. तुम्ही ऐकलंत का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग ऐका. मला पाठ झालंय." आणि तिनं न अडखळता म्हणून दाखवलं. "'रंगमंचावर सात माणसं. मधोमध संचालक, हातात काचेची ढाल, तिच्यावर सर्वांसाठी शिक्षण अशी अक्षरं. त्यांच्या उजवीकडे सल्लागार. डावीकडून तिसरा काळ्या शर्टातला कॅमेरावाला. चारशे अठरा चौकटींत चित्र हा शब्द यानं भरला, आणि परीक्षेआधी ते त्याला माहीत होतं. सगळे हसत आहेत. ज्या विद्यार्थिनीसाठी मी त्या चौकटी लिहिल्या, ती या चित्रात नाही.'"

समोरच्या पडद्यावर तोच फोटो उघडा होता. वर्षभर तो तिथं आहे, हजारो लोकांनी पाहिलाय, संचालक येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. डोळे असलेल्या एकानंही तो वाचलेला नाही. माझ्या कपाळावर घाम आला होता, पंखा चालू असताना.

"काकू कधी खोटं लिहीत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून विचारते, दादा. सगळे हसत आहेत, असं लिहिलंय. तुम्हीसुद्धा?"

मी फोटोत स्वतःकडे पाहिलं. डावीकडून तिसरा.

"हो," मी म्हणालो.