बांधून ठेवलेली दुसरी वायर

दिनांक १४ जुलै २०२५, सोमवार. गोंदियातील संगणकविक्रेता दुर्गेश याने जवळच्या मुर्री गावातील शालीकराम हरिणखेडे यांच्या बिलावर स्वहस्ते शेरा मारला : 'घरची वीज सदोष. ग्राफिक्स कार्डाची जबाबदारी दुकानाची नाही.' मुर्रीत पाऊल न ठेवता आणि मीटर न लावता केलेले हे निदान प्रथम नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. कारण ज्याच्या विजेवर हा ठपका आला, तो मनुष्य एकतीस वर्षे राइस मिलमध्ये वायरमन आहे.

विसाव्या वर्षी शालीकरामला रेल्वेचे इंजिन चालवायचे होते. लेखी परीक्षेत तो निभावला, डोळ्यांच्या तपासणीत बाद झाला. 'अपात्र' एवढा एक शब्द कागदावर घेऊन तो घरी आला, आणि पुढे गोंदिया जंक्शनवरून सुटणाऱ्या गाड्यांचे भोंगे त्याने मिलच्या मोटारी उघडता उघडता ऐकले. चोपन्नाव्या वर्षी इंजिन चालविण्याचा एक खेळ त्याच्या हाती लागला. घाट, बोगदे, सिग्नल सारे हुबेहूब. मात्र जुन्या कार्डावर गाडी एकेक स्लीपर मोजीत चालल्यासारखी अडखळे. म्हणून नवे दणकट कार्ड आणि त्याला पेलणारा पॉवर सप्लाय त्याने दुर्गेशकडूनच बसवून घेतला. आता गाडी झोकात सुटे. पण वेग चढून दोन्ही बाजूंचे रान दाट झाले, की संगणक खाडकन बंद.

"काऊन जी, तुमची गाडी आजबी यार्डातच हाये का?" पत्नी वच्छलाने चहा ठेवत टोमणा मारला.

"लाइन क्लिअर नाही भेटून राहिली," तो म्हणाला; पण हसला नाही.

तक्रार घेऊन गेल्यावर दुकानात त्याला ऐकावे लागले होते, "काका, गाँव की लाइन है. और ये गेम-वेम इस उमर में? आपके बस का नहीं." बिलावरचा शेरा म्हणजे त्याच्या लेखी दुसऱ्यांदा मिळालेले 'अपात्र' होते, आणि या वेळी तो मुकाट्याने परतणार नव्हता.

त्याने घरचा व्होल्टेज मोजला. खेळ भरात असतानाही काटा ढळला नाही. मिलची एक रीत आहे : मोटार बंद पडली तर आधी मोटारीला शिवी देऊ नये, तिच्या वायरीला हात लावून पाहावा. त्याने कॅबिनेटचे झाकण काढले. कार्डाला वीज घेण्याची दोन तोंडे होती, आणि दुर्गेशने एकाच वायरीला फुटलेली दोन टोके त्यांत खोचली होती. ती वायर चांगलीच तापली होती. पॉवर सप्लायची दुसरी, स्वतंत्र वायर मागच्या कप्प्यात कारखान्याच्या प्लास्टिकपट्टीने बांधलेली, जशीच्या तशी.

"एका वायरीवर दोन मोटारी! मिलमंदी असा केलो असतो त शेटनं दारात उभा नसता केला."

पट्टी कापली. प्रत्येक तोंडाला आपली वायर मिळाली. जड कार्ड किंचित झुकले होते, त्याखाली त्याने बांबूची तासलेली कमची टेकू म्हणून दिली. मग गाडी सोडली. रान आले, घाट आला, बोगद्याच्या काळोखातून इंजिन धो धो पावसात बाहेर पडले, आणि शालीकरामने भोंगा असा वाजवला की वच्छला पिठाच्या हातांनी धावत आली.

"अगं माय! चालली का जी?"

"बस बाजूले. टिकट नाही लागत."

दुसऱ्या दिवशी ऑटोत कॅबिनेट घालून तो दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांच्या देखत अर्धा तास गाडी चालवली.

"बढ़िया काका! मैंने तो पहले ही कहा था, कार्ड मस्त है," दुर्गेश म्हणाला.

"तू काय बोलला, ते लिवलेलं हाये." शालीकरामने बिल पुढे सरकवले.

दुर्गेशने शेरा खोडला. "सही बी कर," शालीकराम म्हणाला. सही झाली. ते बिल आज मुर्रीत संगणकाच्या वर, भिंतीवर लावलेले आहे.

वाचकहो, आपणांकडे एकच मागणी आहे : कार्ड बसवून घ्याल तेव्हा दुकानातच झाकण उघडायला लावा, वायरी स्वतः मोजा, आणि पूर्ण भारावर अर्धा तास चालवून दाखवल्याशिवाय बिलावर कोणालाही काहीही लिहू देऊ नका.