पाठीतल्या सळ्या

दुष्काळात आमच्या गावच्या सेवा सोसायटीने नेकनूरजवळ चारा छावणी उघडली, तेव्हा मी चेअरमन होतो. पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी तिथे रोज गाय घेऊन यायची. तिच्या वाकड्या कण्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे पाठ काठीसारखी ताठ. नाव मी कधी विचारलं नाही, हळहळायचो मात्र रोज.

एकदा तिच्या हातून दावं पडलं. "थांब पोरी, तुला वाकता येत न्हाई," म्हणत मी रुबाबात वाकलो. कमरेत उसण भरली आणि तसाच अडकलो.

ती गुडघे मुडपून, पाठ सरळ ठेवून अलगद खाली बसली. दावं उचलून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "काका, माझ्या पाठीत सळ्या हायेत. तुमची कावून आखडली?"

सगळी छावणी हसली. वाकल्या वाकल्याच मी म्हणालो, "चेअरमनकीनं, माय."