परदेशी पाहुणी आणि उसना सोफा

ऊसतोडीचा हंगाम लागला की अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या बाजूला कोप्यांचं एक गाव उठतं. कोपी म्हणजे बांबू-पाचटाची झोपडी. तिच्यात शिरताना नास्तिकालाही वाकून नमस्कार घडतो. त्या गावात आमच्या संस्थेचं एक पाळणाघर होतं आणि तिथल्या लेकरांच्या वाटीतली खिचडी सात समुद्रांपलीकडच्या एका सरकारकडून यायची. देशाचं नाव सांगत नाही. तिथं थंडी अशी पडते की भाजी गोठू नये म्हणून लोक ती फ्रीजमध्ये ठेवतात. आणि देश एवढा लहान, की आमच्या ऑफिसातल्या नकाशावर एकदा माशी बसली तर तो आम्हाला आठवडाभर सापडला नव्हता.

मी त्या जालन्यातल्या चिमुकल्या संस्थेत कार्यकर्ता होतो. कार्यकर्त्यानं जीप चालवायची, अहवाल लिहायचे आणि दोन्हीकडं खड्डे चुकवायचे. पाळणाघर मात्र चालवायची मावशी. ती पूर्वी स्वतः तोडणीला जायची. एका दुपारी तिचं रांगतं लेकरू फडाच्या कडेच्या सावलीतून उठून उसात शिरलं. सगळी टोळी कोयते टाकून हाका मारत फिरली. दिवस कलताना ते सापडलं, कांडं चोखत, मजेत. लेकराला काहीच झालं नाही. मावशीचा मात्र हात कोयत्यावर पुन्हा बसला नाही. तेव्हापासून ती दुसऱ्यांची लेकरं सांभाळत होती. पाळणाघर बंद पडलं तर ही सगळी लेकरं परत फडाच्या कडेला, बैलगाडीच्या सावलीत जाणार, हे तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं कोणालाच नव्हतं.

"सर, ते सरकार आपल्या पोरांना खिचडी कशापायी देतं?" तिनं मला एकदा विचारलं. "त्याला सोताची पोरं न्हाईत का?"

मी सांगितलं, की तिथले लोक कर भरतात, त्यातला थोडा हिस्सा त्यांचं सरकार परक्या देशांतल्या कामांसाठी बाजूला काढतं, तो दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीकडं येतो आणि वकिलात आपल्याला अनुदान देते.

शेजारी मुकादम बसले होते. गावाकडून तोडणीवाल्यांची टोळी घेऊन येणारा आणि तिच्या इज्जतीची राखण करणारा माणूस. मिशा अशा, की डाव्या टोकाला वारा लागला तर उजव्या टोकाला कळायला वेळ लागायचा.

"आन आपलं सरकार?" त्यांनी विचारलं.

"तेही देतं की. दुसऱ्या देशांत पूल बांधून देतं, औषधं पाठवतं."

"म्हंजे ते आपल्या पोरांना जेवू घालून राह्यले, आन आपन आनखी कोनाच्या. मंग ज्यानं त्यानं आपापली पोरं जेवू घातली, तर इमानाच्या तिकिटाचा खर्चा न्हाई का वाचनार?"

या प्रश्नावर जगात मोठमोठ्या परिषदा भरतात. मी जीपचं बॉनेट उघडून तेल बघायला लागलो.

तर अशात दिल्लीहून निरोप आला. अनुदानाची मुदत संपत होती. पुढं द्यायचं की नाही, ते ठरवायला वकिलातीतली एक मोठी अधिकारीण स्वतः येणार. तिला पटलं तर पाळणाघर चालू, नाही पटलं तर बंद.

मी कोप्यांवर गेलो आणि सगळ्यांना बजावलं, "कायबी बदलू नका. जसं आहे तसं दिसू द्या. गरज दिसली तरच मदत मिळते."

"बराबर," मुकादम म्हणाले. तो माणूस "बराबर" म्हणाला की काहीतरी बिघडणार, हे एव्हाना मला कळायला हवं होतं.

ठरल्या दिवशी मी विमानतळावरून पाहुणीला आणि तिच्यासोबतच्या दिल्लीच्या दुभाषी मुलीला जीपमध्ये घेतलं. पाहुणी उंचीला अशी, की गतिरोधक आला की जीपचं छप्पर तिला आधी कळायचं. पण तोंडावर हसू. रस्ताभर मी तिला आमच्या कोप्यांची गरिबी वर्णन करून सांगितली. वर्णन थोडं ऐसपैस झालं असेल. दुभाषी मुलीनं दोनदा डोळे पुसले.

आणि मग आम्ही पोहोचलो.

कोप्यांच्या तोंडाला मांडव. मांडवात लाल गालिचा. गालिच्याला लागून सोफा, साधा नव्हे, मखमली, हाताला सिंहाची तोंडं. सोफ्याच्या एका बाजूला टीव्ही, दुसऱ्या बाजूला कूलर, भर थंडीत. आणि मधोमध, पाचटाच्या कोपीला पाठ लावून, माझ्याहून उंच, दोन दारांचा फ्रीज! त्या माळावर विजेचा खांब नावाला नव्हता. फ्रीजची वायर पाचटाच्या ढिगात अशी खुपसली होती, जशी काही उसातूनच वीज येते.

आम्हाला बघताच हलगी वाजली. आजूबाजूच्या झाडांवरचे कावळे जे उडाले, ते म्हणे परतूरच्या स्टेशनवर जाऊन बसले. पाहुणीला सोफ्यावर बसवून डोक्याला फेटा बांधला गेला, त्यामुळं ती आणखी हातभर वाढली. शाल, नारळ, मग दुसरी शाल, कारण पहिली शाल बायकांकडून नव्हती. बाया लग्नातल्या साड्यांत. लेकरं धुऊन, तेल लावून, काजळ घालून अशी चकचकीत केली होती, की ती धरली की हातातून निसटत.

मी मावशीला हळूच विचारलं, "झोळ्या कुठं आहेत?"

आमच्या पाळणाघरात लेकरं जुन्या लुगड्यांच्या झोळ्यांत झोपायची. बांबूला बांधलेल्या झोळ्यांची रांगच असायची.

"मुकादम म्हन्ले, फाटकी लुगडी पाव्हनीला दावायची न्हाईत. गुंडाळून कोपीमागं टाकली." तिचा चेहरा उतरला होता. "त्येंच्या सासरवाडीहून पाळना आनलाय. वाटूरहून."

पितळी कड्या, कोरीव मोर, वर लाकडी पोपट, असा तो पाळणा जहागीरदाराच्या नातवाला शोभला असता. पाळणा एकच, लेकरं ढीगभर. म्हणून त्यात लेकरं आडवी रचली होती, भाकरीच्या दुरडीसारखी.

पाहुणीनं सगळीकडं नजर फिरवली. तिचं हसू हळूहळू गालावरून उतरलं. ती दुभाषी मुलीशी काहीतरी बोलली, आणि मुलीनं मुकादमांना हिंदीत विचारलं, "यहाँ सबके घर में फ्रिज है?"

मी पाहुणीच्या मागून डोळे मिचकावले, मान हलवली, खोकलो, शेवटी मुकादमांच्या पायावर पाय दिला. मुकादमांची छाती भरून आली होती. पाय कुठं आहेत हे त्यांना कळत नव्हतं.

"बिलकुल!" ते म्हणाले. "हमारे इधर कायकी बी कमी नै. म्याडम को बोलो, आराम से जेवो."

पाहुणीनं वहीत काहीतरी लिहिलं. दुभाषी मुलगी मला म्हणाली, "मॅडम कह रही हैं, ये लोग तो काफी संपन्न हैं। यह पैसा शायद कहीं और जाना चाहिए।"

मी मुकादमांना दंडाला धरून फ्रीजमागं नेलं. "अहो, कमी आहे म्हणून तर त्या आल्यात! तुम्ही अनुदान घालवून राह्यले!"

"मंग काय करू सर?" त्यांनी आवाज चढवला, मिशीही चढली. "पाव्हनी दारात आली. तिला ताट वाढायचं, का तिच्याच ताटातलं मागायचं? तुम्ही सांगता जसं हाय तसं दावा. आपल्यात पाव्हन्याला कोनी भोकं दावतं का?"

माझ्या घरीसुद्धा पाहुणा आला की फुटक्या कपांची बशीवर बशी ठेवून लपवालपवी चालते. मावशी मात्र तिथंच उभी राहून सगळं ऐकत होती. "मुकादम," ती एवढंच म्हणाली, "तुमची इज्जत राह्यली. पोरं कुटं ठेवायची ते सांगा."

तेवढ्यात कारखान्याच्या कॉलनीतल्या एक बाई तरातरा मांडवात आल्या. मागं रबरी चाकांची टायरगाडी, गाडीवर दोन गडी. बाईंनी पाहुणीला आधी वाकून नमस्कार केला आणि मग फ्रीजला हात लावला.

"माफ करा हं, मुकादम. आमचे जावई अचानक आलेत. त्यांना थंड पाणी लागतं."

फ्रीजचं दार उघडलं. आत मुकादमांची धोतरं, एक कोयता आणि भाकरीची दुरडी. सगळं बाहेर काढून गड्यांनी फ्रीज उचलला. पाहुणी टकामका बघत राहिली.

एक दगड सरकला की बांध फुटतो तसं झालं. टीव्हीवाला आला, त्याच्या घरी मॅच लागली होती. कूलर आपल्या मालकासोबत निघून गेला. गालिचा मंदिरातला होता, पुजाऱ्यानं तो पाहुणीचे पाय हळूच उचलून, "जरासं, जरासं" म्हणत गुंडाळला. शेवटी सोफ्याचा मालक आला. मोठा सभ्य माणूस. पाहुणी बसलेली, म्हणून तो अदबीनं दोन हात बांधून समोर उभा राहिला.

"बसू द्या, बसू द्या. घाई न्हाई," तो म्हणाला आणि घड्याळाकडं बघितलं.

आणि पाळण्यातली लेकरं रडायला लागली. त्यांना लाकडी पाळण्यात झोपायची सवय नव्हती. इतका वेळ नवलानं गप्प होती, ते नवल संपलं. एकानं सूर लावला आणि बाकीच्यांनी उचलला. कारखान्याचा भोंगा त्याच वेळी झाला म्हणतात. तो कोणालाच ऐकू आला नाही, आणि दुसऱ्या पाळीचे कामगार अजून कामावर जायचे आहेत.

मावशीनं पदर खोचला. कोपीमागं गेली आणि लुगड्यांचं गाठोडं घेऊन आली. कोणाकडं न बघता तिनं बांबूला एकेक झोळी बांधली, एकेक लेकरू पाळण्यातून उचलून तिच्यात टाकलं आणि सगळ्यांच्या दोऱ्या एका मुठीत धरून झोका दिला. लेकरं एकेक करून गप्प झाली. हलगीवाल्यानं हलगी मांडीखाली घेतली.

"बाई," मावशी त्या शांततेत पाहुणीला म्हणाली, "सोफा, फिरीज, पाळना, समदं उसनं हाय. ह्या झोळ्या तेवढ्या आमच्या. आन पोरं." मग झोळ्यांना झोका देत, "तुमी न्हाई म्हन्लं, तर उद्या ही पोरं फडाच्या कडंला जातील. माझं गेल्तं. ते घावलं. समद्यांचं घावंलच असं न्हाई."

मी ते हिंदीत केलं आणि दुभाषी मुलीनं पुढं सांगितलं, हळू आवाजात. पाहुणी सोफ्यावरून उठली. सोफ्याच्या मालकानं "आभारी आहे" म्हणून लगेच गड्यांना खूण केली. पाहुणी फेट्यासकट खाली पाचटावर बसली आणि मावशीच्या मुठीतल्या दोन दोऱ्या आपल्या हातात घेतल्या.

बराच वेळ झोके देऊन तिनं विचारलं, हे सगळं सामान कोणाकोणाचं? भाडं किती दिलं?

"भाडं?" मुकादम चमकले. "भाडं कशाचं? उसनं म्हन्ल्यावर उसनं. त्येंच्याकडं बारसं असलं की आपन गाडी-बैल देतो."

"फ्रिज भी?" दुभाषी मुलीनं विचारलं.

"फिरीज त्या बाईनी सोताहून दिला. म्हन्ल्या, पोरांचं काम हाय, न्या."

आता इथं मला एक सरकारी गोष्ट सांगितली पाहिजे. परदेशी अनुदानाच्या नियमांत एक अट असते, लोकसहभाग. आसपासचे लोक या कामात आपलं काय घालतात, ते दाखवायचं. दर वर्षी त्या जागी काय लिहावं म्हणून आम्ही पेनांची टोपणं चावून चावून संपवायचो. पाहुणी परतीच्या वाटेवर जीपमध्ये खळखळून हसली आणि दुभाषी मुलीमार्फत मला म्हणाली, की मी अर्ध्या जगातली कामं बघितली, पण लोकसहभाग टायरगाडीत भरून घरी जाताना पहिल्यांदाच बघितला.

अनुदान चालू राहिलं. फेटा ती घेऊन गेली. तिच्या देशातल्या लोकांनी थंडीत कानाला बांधण्यासाठी तशाच फेट्यांची मागणी केल्याचं ऐकतो, पण आमच्या बाजारात तेवढं कापड नव्हतं.

पुढचे हंगाम असे सुखाचे गेले. मग तिकडं वारं फिरलं. सरकार बदललं, नव्या लोकांनी म्हटलं, आपला कर आपल्या घरी. म्हणजे मुकादमांचाच विमानाच्या खर्चाचा मुद्दा, फक्त महाग कोट घालून. अनुदान बंद झालं. हे सांगायला मी कोप्यांवर गेलो तेव्हा जीपसुद्धा रडत रडत चालत होती. तिचं सायलेन्सर फुटलं होतं.

मावशी झोळीची दोरी ओढत ऐकत होती. मुकादमांनी मिशी पिळली.

"सर, मी कोनापुढं हात पसरनार न्हाई," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"पन उसनं आनायला काय हरकत हाय?"

आणि त्या माणसानं आणलं. कॉलनीतल्या फ्रीजवाल्या बाईंकडं दोन म्हशी. त्यांच्याकडून दूध उसनं. फेडायचं कशानं? वाढ्यानं. ऊस तोडला की वरचा हिरवा शेंडा, म्हणजे वाढं, उरतं आणि म्हशी त्यावर जीव टाकतात. सोफ्याच्या मालकाचं किराणा दुकान. त्याच्याकडून तांदूळ-डाळ, आणि बदल्यात त्याच्या मालाच्या खेपेला टोळीची गाडी. मावशीला पगार म्हणून दर जोडप्यानं आठवड्याची एक मोळी वाढं बाजूला काढली. ती विकून तिचं चालायला लागलं. लाकडी पाळणाही वाटूरला परत गेलाच नाही. मुकादमांची सासरवाडी अजून विचारते आणि मुकादम अजून "बराबर" म्हणतात. पाळण्यात आता खेळणी असतात.

मागल्या हंगामात मी गेलो, तेव्हा खिचडी शिजत होती. मी मावशीला म्हटलं, "दिल्लीहून कळलं, ती पाहुणी होती ना, तिचं खातंच तिकडं बंद केलं. तिचीही नोकरी गेली."

मावशीचा पळीवरचा हात थांबला. "अगं बाई. मंग आता ती काय करून राह्यली?"

"बसली असेल घरी. थंडीत."

मुकादम कोपीतून वाकून बाहेर आले, मिशीला पाचटाची काडी अडकलेली.

"मंग बोलवा की तिला इकडं," ते म्हणाले. "सोफा आनतो."