डिंभ्याच्या पाण्यावरचा पहारा

१९ मे, रविवार

चार महिने इथे काहीच लिहिलं नाही, माफ करा. राज्याच्या सागरी गृहरक्षकांवर लिहायला घेतलं होतं, पण नुसत्या कागदांवरून लिहिलेलं माझं मलाच पटेना. म्हणून काल शिनोलीला एका जुन्या गृहरक्षकाला, किसनआबांना, भेटून आले.

आळेफाट्याहून मंचरची एसटी, तिथून घोडेगाव, पुढे जीप. मंचरला मिसळ सत्तर रुपये. तर्री जपून घ्या. मे महिन्यात जाणार असाल तर टोपी हवीच.

किसनआबांची मुलगी सुनंदाताई दारातच भेटल्या. "जय भीम, ताई. लई उन्हाचं आलात. मंगळवारी आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. दोनदा टाळलं. आता टाळलं तर डोळा जाईल म्हणत्यात डॉक्टर. पर ह्यांला पाणी सोडवंना."

पाणी म्हणजे डिंभे धरण. जुनं आंबेगाव त्याच्या पोटात आहे.

आबा काठावर बसले होते, गळ्यात शिट्टी. "आमी घाटावरची माणसं. मला पवायला बी येत नव्हतं," ते हसले. "मुंबईत गोदीत क्रेनवर व्हतो. काम सुटलं की खाकी चढवायची, खाडीवर जायाचं. नेव्हीवाले चिडवायचे, 'आले हंगामी खलाशी!'"

सागरी गृहरक्षक म्हणजे ना नौदल, ना पोलीस. आपली नोकरी सांभाळून होड्यांवर नजर ठेवायची, अनोळखी माणूस दिसला की कळवायचं. नियम एकच कडक: पुढचा येऊन "पहारा घेतला" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. आबांच्या शेवटच्या पाळीला त्यांना सोडवायला येणारा जोडीदार होडीसकट नाहीसा झाला. आबा गावी परतले. गावाजवळ पाणी होतं ते एवढंच; कुणी न सोडवलेला पहारा ते इथेच देत राहिले.

सहाच्या सुमारास आबांनी दोन शिट्ट्या वाजवल्या. थोड्या वेळानं समोरून दोन आल्या.

"प्रतिध्वनी," मी म्हणाले.

"आसंल. गेल्या साली त्या डोंगराकडनं यायचा. औंदा पाण्यावरनं येतोय."

मी घड्याळ पाहिलं नव्हतं, त्यामुळे किती वेळानं आल्या ते छातीठोकपणे सांगणार नाही. पाण्यावर होडी नव्हती, एवढं नक्की.

सुनंदाताई माझ्याकडे बघत होत्या. मी उभी राहिले. "पहारा घेतला."

आबांनी टाचा जुळवल्या, शिट्टी माझ्या हातात दिली आणि मागे न बघता घराकडे चालू लागले.

"झाला की राव ताई तुमी खलाशी!" सुनंदाताई डोळे पुसत हसल्या.

साडेसहाची शेवटची जीप होती. शिट्टी हातात तशीच घेऊन मी ती पकडली.

आज सकाळी सुनंदाताईंचा फोन आला. आबा आठपर्यंत गाढ झोपले. मंगळवारला तयार आहेत. मग म्हणाल्या, "काल तुमी गेल्यावर पाण्याकडनं परत दोन शिट्ट्या आल्या. इकडनं कुणी वाजवलीच न्हाई."

"आबांनी ऐकल्या?"

"ऐकल्या. म्हणले, ताई देतील जवाब."

ऑपरेशनसाठी केलेलं नाटक, असं दिवसभर स्वतःला समजावते आहे. पण आबांनी ते नाटक मानलेलं नाही. पहाऱ्यावर कुणी नाही म्हणून मंगळवारी पहाटे ते पुन्हा काठावर जाऊन बसले, तर त्या डोळ्याचं उत्तर मला द्यावं लागेल. आणि तिकडे जो वाजवतो आहे, त्याला माझी जीप चुकत होती हे कोण सांगणार?

उद्या: सकाळी सहाची मंचर एसटी पकडणे.