परभणीच्या उरुसात ज्वारीची कणीक

परभणीच्या उरुसाला निघताना सौभाग्यवतींनी शिदोरीत दशम्या दिल्या, ठेचा दिला. पाण्याचा तांब्या मात्र घरीच राहिला. या अपराधाला स्मृतिग्रंथांत प्रायश्चित्त नाही, मी शोधून पाहिले. जिंतुराहून परभणी एस.टी.ने सव्वा तास. त्यातला निम्मा मी जीभ बाहेर काढून काढला. शेजारच्या बाई जपून सरकून बसल्या.

बरोबर गावचे भजनी मंडळ होते. संदलच्या, म्हणजे मजारीला चंदन चढवण्याच्या दिवशी दुपारी दर्ग्याच्या आवारात आधी आमचे भजन, मग कव्वाली, ही आजोबांच्या काळापासूनची रीत. जाणार असाल तर सतरंजी न्या, धर्मशाळेत जागा मिळते. हलवा-पराठा गरम असतानाच खा.

आम्हाला मात्र किसनला गाठायचे होते. मंडळाचा पखवाज त्याचा. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात जाळपोळ झाली, त्यात त्याचे घर गेले. तेव्हापासून तो बायको-लेकरांसह पूर्णेला, रेल्वेच्या कामावर. उरुसाला येतो, असे कळले होते. त्याला गावी परत आणायचे ठरवूनच निघालो होतो.

किसनच्या जागी पखवाजाला मंडळातले नामदेव आबा बसले. डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. आबांनी घरून पीठ आणले होते, ज्वारीचे. आमच्याकडे पीठ म्हणजे तेच, पण गव्हासारखे ते चिकटत नाही. दुसऱ्या अभंगाला कणीक सुटून आबांच्या धोतरात पडली. कव्वालांचा म्होरक्या गंभीरपणे ‘माशाअल्ला’ म्हणाला.

तेवढ्यात गर्दीतून किसन आला. पराठेवाल्याकडचा मळलेला गव्हाचा गोळा त्याच्या हातात होता.

“आबा, भाकरी थापायलात का?”

आबा उठले. किसनने गोळा थापला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि पहिली थाप दिली. कव्वाल हार्मोनियम सोडून मांडीवर ताल धरू लागले. आबा तोंड फिरवून डोळे पुसत होते. मी ते पाहिले नाही, असे त्यांना सांगितले आहे.

नंतर आबांनीच विषय काढला. घर सगळे मिळून बांधून देऊ, म्हणाले. किसन पखवाजाची कणीक खरवडत ऐकत होता. मग माझ्याकडे वळला.

“गुरुजी, आमची वस्ती तुमच्या परसाला लागून हाय. आनिक तसं झालं, तर लेकरं आत घ्याल ना?”

“घेईन की,” मी म्हणालो.

पाडव्याला येतो म्हणाला.

घरी सांगितल्यावर सौभाग्यवती हरखल्या. मी पाय धुवायला परसात गेलो. जाळपोळीच्या रात्री किसनच्या बायकोने आमच्या दाराची कडी वाजवली होती. मी आत जागाच होतो. किसनला हे ठाऊक आहे की नाही, मला कळलेले नाही. पुन्हा कडी वाजली तर मी उठेन का, हेही कळत नाही.