जिराफाची मान

भूकंपानंतर निलंग्याजवळच्या आमच्या शाळेचे वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरत. रस्त्याने ट्रक गेला तरी मुलं दाराकडे पळायची, त्यात पहिलीतली माझी मुलगीही. धडे कोण ऐकणार? मग मी त्यांना कागदाच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून आळीपाळीने एकीवर एक दुमडायला शिकवलं. त्याची लवलवती मान होते. कार्डावर जिराफाचं धड काढायचं, मान चिकटवायची, वर डोकं. हात गुंतले की पोरं जागेवर बसत. मुलीने तर तेव्हापासून माझ्या प्रत्येक वाढदिवसाला असलं कार्ड केलं. ससा, मोर, एकदा चक्क म्हैस.

दहावीला तिला चांगले मार्क पडले आणि जो तो म्हणू लागला, लातूरला टाका पोरीला. आम्ही टाकली. तळमजल्यावरची खोली मिळेपर्यंत मी हटले नाही, कारण भिंतींवरचा भरवसा माझाही उडाला होता. क्लास, मेस, पुन्हा क्लास, रविवारी टेस्ट. फोनवर ती चार शब्दांपलीकडे बोलायची नाही. अभ्यासात आहे, असं मी धरून चालले.

त्या वर्षी कार्ड पोस्टाने आलं. जिराफच होता. मान वरून पिवळी रंगवलेली, पण घड्यांच्या आत छापील प्रश्न दिसत होते. टेस्टचे पेपर कापून तिने पट्ट्या जोडल्या होत्या. एका घडीत लाल शाईचा अर्धा आकडा दिसला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. वीस वर्षं पेपर तपासलेली बाई मी, सगळी मान उसवली. तुकड्या-तुकड्यावर मार्क होते, आणि दर टेस्टला ते उतरत गेले होते.

दुसऱ्याच दिवशी एसटीने लातूर गाठलं. पर्समधून ते तुकडे काढून तिच्या कॉटवर ओळीने मांडले आणि तोंडसुख घेतलं. आम्ही जिवाचं रान करतोय आणि बाईसाहेब जिराफ करत बसल्यात, असलं बरंच काही. पोरीचे गाल बसले होते. मला ते दिसलं होतं, पण आधी मार्कांचं निस्तरू, असं मी मनात ठरवलं. याची मला आजही लाज वाटते.

तिने सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं.

"लपवायचे असते तर फाडून टाकले असते, आई," ती म्हणाली. "तोंडाने सांगता येईना, म्हणून त्यात घातले. वाटलं, बघून तू मला न्यायला येशील."

रविवारची टेस्ट तेवढी देऊन टाक, मग बघू, असं मी म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीने एकटीच परतले. ते 'मग' कधी आलं नाही. दोन्ही वर्षं तिने तिथेच काढली.

पुढच्या वाढदिवसाचं कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदाचं होतं. मी तीही मान उसवली. आत एक अक्षर नव्हतं.